गावाशेजारी खडीची खाण येते तेव्हा

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली काळा पाषाण आहे. रस्ता, धरण, रेल्वेचा रूळ, काँक्रीटचा खांब, सगळ्यांना तोच लागतो. नदीतल्या वाळूच्या उपशावर निर्बंध आल्यापासून तो बारीक करून वाळूच्या जागीही वापरला जातो. दगड जड असतो, आणि दूरवरून आणला तर त्याच्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग पडते. म्हणून खाण बांधकामाच्या जवळ, म्हणजे वस्तीच्या जवळच शोधली जाते. पुण्याभोवती वाघोली, लोणीकंद, मोशी आणि नाशिकजवळ सारूळ ही नावे खडीशी जोडली गेली ती यामुळेच.

रस्ते आणि घरे सगळ्यांनाच हवीत, म्हणून खाणी नकोतच असे मी म्हणत नाही. पण त्या दगडाची खरी किंमत खाणीलगतच्या शे-दोनशे घरांनी एकट्यांनी भरावी, हे मला मान्य नाही. विहीर आटते, भिंतीला तडे जातात, पिकावर धूळ बसते, पोर रात्रभर खोकते. यातले काहीही खडीच्या दरात धरलेले नसते. ते धरायला लावण्याइतका कायदा आपल्याकडे आहे. गावाकडे नोंद मात्र नसते, आणि तक्रार तिथेच मार खाते. अधिकारी विचारतो, "खाण सुरू होण्याआधी विहिरीला किती पाणी होते?" आणि गावकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. या प्रश्नाचे उत्तर तयार कसे ठेवायचे, हे मुख्यतः इथे सांगायचे आहे.

आधी कागद

दगड, मुरूम, माती ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्य सरकार करते. आपल्याकडे २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. खाणपट्टा किंवा परवाना महसूल खात्याकडून मिळतो. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, मुदत आणि किती ब्रास दगड काढायचा हे लिहिलेले असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हा पहिला कागद.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरीचा. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींना मंजुरी लागत नाही, असे अजूनही कुणीतरी गावात छातीठोकपणे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. मंजुरीपत्र आणि त्यातल्या अटी 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर शोधता येतात. खाणमालकाने या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो अहवाल जनतेसाठी खुला असतो. अटी एकीकडे आणि हा अहवाल दुसरीकडे ठेवून वाचा. 'दोन्ही बाजूंना झाडे लावली' असे अहवालात असेल आणि बांधावर एक झुडूपही नसेल, तर तुमची पहिली तक्रार तिथेच तयार झाली.

तिसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा. खाण आणि क्रशर एकाच मालकाचे असले तरी क्रशरची संमती वेगळी तपासा. उभारणीची एक आणि चालवण्याची एक, अशा दोन संमती असतात. चालवण्याच्या संमतीची मुदत संपलेली असते आणि क्रशर सुरूच असतो, असे घडते. सुरुंग उडवत असतील तर स्फोटकांचा परवाना हा चौथा कागद.

हे कागद तोंडी विचारून मिळत नाहीत. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात 'खाण बेकायदेशीर का चालू आहे' असे विचारू नका, कारण 'का' या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देत नाही. 'गट क्रमांक अमुकमधील खाणपट्टा आदेशाची, मंजूर नकाशाची आणि गेल्या तीन वर्षांत भरलेल्या रॉयल्टीच्या तपशिलाची प्रत द्यावी' असे मागा. नकाशा हाती आला की गुगल अर्थवर त्याच जागेची जुनी उपग्रह छायाचित्रे काढून पाहा. कोणत्या वर्षी कुठवर खोदले हे त्यात दिसते, आणि हद्दीबाहेरचे खोदकाम लपत नाही.

पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात तुमचे गाव असेल तर आणखी एक अधिकार आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. ती शिफारस कधी, किती लोकांच्या उपस्थितीत, कोणत्या ठरावाने दिली, याची प्रत नक्की मागवा.

विहीर

खाणीचे सगळ्यांत खोल नुकसान पाण्याचे असते आणि सिद्ध करायला तेच सगळ्यांत अवघड. काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते मुरते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या सांध्यांत, भेगांत. आपल्या विहिरी याच थरांवर जगतात. खाण या थरांतून खाली उतरली आणि तिचा तळ विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला, की शेजारच्या रानातले पाणी उताराने खाणीकडे सरकते. मग काम थांबू नये म्हणून मालक पंप लावून ते ओढ्यात सोडतो. वर्षानुवर्षे हे चालले तर जवळच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागतात. डोंगराच्या अंगावरची माती आणि झाडे गेल्याने पावसाचे पाणी मुरायची जागाही जाते, आणि दगडाची भुकटी वाहत जाऊन बंधाऱ्यांत गाळ म्हणून बसते.

पण पाऊस कमी झाला तरी विहीर आटते, आणि आजूबाजूला नव्या बोअरवेल पडल्या तरी आटते. खाणमालकाचा वकील नेमके हेच म्हणणार आहे. म्हणून नोंद अशी ठेवा की या दोन्ही शंकांना तिच्यातच उत्तर मिळेल.

खाणीच्या जवळच्या तीन-चार विहिरी निवडा. त्यांच्याबरोबर गावाच्या दुसऱ्या अंगाला, खाणीपासून लांब असलेल्या, साधारण तेवढ्याच खोलीच्या एक-दोन विहिरीही निवडा. ही लांबची विहीर फार महत्त्वाची, आणि बहुतेक गावे तीच विसरतात. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. लांबच्या विहिरीची पातळी दरवर्षीसारखी राहिली आणि जवळची दोन-तीन मीटर खाली गेली, तर दुष्काळाचे कारण टिकत नाही. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून, वजन बांधलेल्या टेपने, सकाळी मोटार सुरू होण्याआधी पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही किमान याच महिन्यांत मोजा, म्हणजे तुमचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतील. तालुक्यातली त्यांची निरीक्षण विहीर कुठे आहे ते विचारून घ्या. आपल्या महसूल मंडळाचा पाऊसही लिहा, परिसरात नवी बोअरवेल पडली तर तीही लिहा आणि खाणीतला पंप कोणत्या दिवशी चालू होता हेही. वहीवर मोजणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही असावी. गावातल्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी आणि मुलांनी हे काम अंगावर घेतले तर नोंद कधी चुकत नाही.

भूजलाच्या पातळीखाली जायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट पर्यावरण मंजुरीत अनेकदा असते. खाणीच्या तळाशी उन्हाळ्यातही पाणी दिसत असेल तर फोटो काढा आणि ती अट शोधा.

सुरुंगाचे हादरे

घराला तडा गेला की बोट खाणीकडे जाते. ते बरोबर असू शकते, पण काळ्या मातीवरचे घरही माती फुगल्या-आकसल्याने तडकते. म्हणून पहिला सुरुंग उडण्यापूर्वी गावातल्या प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत. दारे-खिडक्यांचे कोपरे विसरू नयेत, कारण तिरके तडे तिथूनच निघतात. खाण आधीच सुरू असेल तर आज असलेल्या तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने घट्ट बसवा. तडा वाढला की काच फुटते, आणि ती कोणत्या तारखेला फुटली हे सुरुंगाच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

सुरुंगाची नोंद म्हणजे तारीख, वेळ, किती आवाज झाले, भोंगा वाजला का, रस्ता अडवला होता का, दगड उडून कुठपर्यंत आले. उडालेला दगड सापडला तर तो उचलण्यापूर्वी जागेवरच त्याचा फोटो घ्या आणि अंतर मोजा.

हादरे मोजण्याचे यंत्र असते आणि त्याला मर्यादाही ठरलेली आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या मालकीची नसलेली राहती घरे असतील तर जमिनीच्या कंपनाचा वेग कमी वारंवारितेला, म्हणजे ८ हर्ट्झच्या खाली, सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटर. जुनी मंदिरे, वाडे यांसाठी ही मर्यादा आणखी कडक, २, ५ आणि १० मिलिमीटर आहे. गावात हेमाडपंती देऊळ असेल तर अर्जात त्याचा उल्लेख स्वतंत्र ओळीत करा. 'आमच्या घराजवळ यंत्र लावून मोजणी करा आणि अहवाल ग्रामपंचायतीला द्या' ही मागणी रास्त आहे. सगळी छिद्रे एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली तर हादरा बराच कमी होतो, आणि मोठे दगड पुन्हा सुरुंगाने न फोडता ब्रेकरने फोडता येतात. या दोन्ही गोष्टी मालकाला परवडणाऱ्या आहेत. सुरुंगाची वेळ ठरवून ती फलकावर लिहिणे तर फुकटच आहे.

'आमची खाण लहान आहे, आम्हाला खाण कायदा लागत नाही,' असे सांगितले जाते. १९५२ च्या खाण अधिनियमाने घालून दिलेली कसोटी अशी: खोली सहा मीटरपेक्षा जास्त नाही, कामगार ५० पेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटके वापरत नाहीत, या तिन्ही गोष्टी असतील तरच सूट. सुरुंग उडतो म्हणजे सूट संपली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे वस्तीपासून सुरुंगाच्या खाणीसाठी २०० मीटर आणि बिनसुरुंगाच्या खाणीसाठी १०० मीटर अंतर सुचवले होते. तुमच्या खाणीच्या परवान्यात कोणते अंतर लिहिले आहे ते वाचा आणि टेपने मोजा.

धूळ आणि छाती

क्रशरच्या धुळीसाठीही मानक आहे: यंत्रापासून ४० मीटरवर हवेतल्या कणांमध्ये त्या क्रशरची भर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावी. पण आकडा मोजायची वाट पाहू नका. त्याच नियमांत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीही सांगितल्या आहेत: धूळ अडवायची आणि दाबायची व्यवस्था, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमिनीवर नियमित पाणी, कडेने झाडांचा पट्टा. फवारे बसवलेले असतात पण चालू नसतात, हा सर्वत्र येणारा अनुभव. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तारखेसह व्हिडिओ काढा.

द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला, फुले यांवर धूळ बसली की पान गुदमरते आणि फुलोऱ्यात परागीकरण बिघडते. नुकसान दिसताच कृषी सहायक आणि ग्राम महसूल अधिकारी यांना पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या. पीक काढून झाल्यावर पंचनामा होत नाही.

आरोग्याचे बोलताना एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फार नसते. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, वालुकाश्म आणि सिंधुदुर्गातली सिलिका वाळू यांत ती भरपूर असते. ती श्वासावाटे आत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरे करणारा उपचार नाही. त्याचा खोकला, दम आणि वजन घटणे क्षयासारखेच दिसते. खाणीत काम केलेल्या माणसाने डॉक्टरला आपले काम आणि त्याची वर्षे आपण होऊन सांगावीत. नाहीतर क्षयाची औषधे चालू राहतात आणि मूळ रोग तसाच वाढतो. काळ्या पाषाणाची धूळही निरुपद्रवी नाही. दमेकरी, लहान मुले आणि म्हातारी माणसे तिने बेजार होतात.

रस्त्याचे थोडक्यात. खडी वाहणाऱ्या प्रत्येक गाडीकडे 'महाखनिज' प्रणालीतला वाहतूक परवाना असावा लागतो. ताडपत्री नसलेली, भरमसाट भरलेली गाडी दिसली तर क्रमांक आणि वेळ टिपा. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी डंपर बंद, हा ठराव ग्रामसभेने आधी करावा आणि मग मालकाला भेटावे.

जनसुनावणी

पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. म्हणूनच एका डोंगरावर चार-चार हेक्टरचे अनेक अर्ज येतात. पण एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे एक समूह धरले जातात आणि त्यांचे क्षेत्र एकत्र मोजले जाते. तुमच्या डोंगरावर किती पट्टे आहेत याचा नकाशा स्वतः काढा. सुनावणी टाळली गेली आहे का, ते त्यात उघड होईल.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. त्या अहवालात तुमच्या विहिरी, ओढा, शाळा आणि मंदिर दाखवले आहे का, ते आधी तपासा. सुनावणीत भाषण करू नका. 'अहवालात पाचशे मीटरच्या आत एकही विहीर नाही असे लिहिले आहे, आमच्या या अकरा विहिरी, हे त्यांचे सातबारे' असे एक वाक्य टाळ्या घेणाऱ्या दहा मिनिटांपेक्षा जड पडते. जे बोलाल ते लेखीही द्या आणि पोच घ्या. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तो वाचला जाईपर्यंत कुणीही उठून जाऊ नये, कारण तुमचा मुद्दा गाळला असेल तर सांगायची वेळ तीच.

तक्रार कुणाकडे

हद्दीबाहेर किंवा परवानगीपेक्षा जास्त उत्खनन असेल तर तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बेकायदा काढलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, आणि ४८(८) नुसार यंत्रे व वाहने जप्त करता येतात. अर्जात 'इटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मोजणी करून काढलेल्या दगडाचा हिशेब भरलेल्या रॉयल्टीशी ताडावा' अशी मागणी घाला. खड्ड्याचे घनफळ आणि पावत्यांचे ब्रास जुळत नसतील तर वेगळा पुरावा लागत नाही. धूळ आणि सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे, सुरुंग खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. एकाच अर्जात सगळ्या तक्रारी कोंबल्या तर प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे ढकलते. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

यातून काही झाले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात. स्वतः बाजू मांडता येते. पर्यावरणाच्या तक्रारीसाठी मुदत कारण घडल्यापासून सहा महिने आणि भरपाईसाठी पाच वर्षे. दोन्हींत पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. कार्यालयांच्या पायऱ्या झिजवण्यात हे सहा महिने निघून जातात, म्हणून पहिल्या अर्जाच्या दिवशीच शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खाणीतली माणसे

गाव आणि खाण यांच्या भांडणात खाणमजुराला शत्रू करू नका. धूळ सगळ्यांत जास्त तोच खातो. या मजुरांत वडार समाजाची माणसे आहेत, परराज्यांतून उचल घेऊन आलेली कुटुंबे आहेत. पालावरच्या मुलांची नावे अनेकदा कुठल्याच शाळेच्या पटावर नसतात. वाघोलीच्या खाणींत 'संतुलन' या संस्थेने १९९७ पासून अशा मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. तुमच्या हद्दीतल्या पालांवर किती मुले आहेत हे शाळा व्यवस्थापन समितीने जाऊन पाहावे. आणि उचल फिटेपर्यंत कुणाला जाऊ दिले जात नसेल तर ती वेठबिगारी आहे. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि १९८३ च्या डिसेंबरात निकाल दिला.

खनिजाच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही पैसा जमा होतो. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरण यांवर, खाणीने बाधित झालेल्या भागातच तो प्राधान्याने खर्च व्हायचा आहे. तुमचे गाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव, विहिरींची वही आणि घरांचे फोटो जोडून समावेशाची मागणी करा.

बंद खाण

दगड संपला की मालक निघून जातो आणि खड्डा राहतो. कोकणातली चिरेखाण असो की देशावरची डबराची, पावसाळ्यात ती भरते आणि पोहायला गेलेली मुले तिच्यात बुडतात. काठ सरळ तुटलेले असतात, वर यायला पायरी नसते आणि पाण्याखालची खोली दिसत नाही. साठलेले पाणी काही ठिकाणी विहिरींना आधारही देते, म्हणून सरसकट बुजवण्याची मागणी करण्याआधी विचार करा. कुंपण, धोक्याचा फलक आणि एका बाजूने उतार मात्र प्रत्येक खाणीला हवाच. पर्यावरण मंजुरीतल्या खाण बंद करण्याच्या अटी मालकाला बंधनकारक आहेत. त्या पाळल्या जाईपर्यंत त्याची अनामत परत करू नये, असे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. येत्या मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी मिळून गावाच्या हद्दीतली प्रत्येक बंद खाण पाहावी, आणि जिला कुंपण नाही तिचा गट क्रमांक त्याच आठवड्यात तहसीलदारांना लेखी द्यावा.